मॉइराला हवी असलेली शांतता

नोव्हेंबरातल्या सकाळी सिडनीच्या गिरावीन उपनगरातल्या आमच्या कुंपणावरून आधी जॅकरांडाची जांभळी फुलं येत आणि त्यांच्या मागोमाग शेजारच्या मॉइराचा आवाज. खर्जातला, किंचित घोगरा, आयर्लंड सोडून उभा जन्म लोटला तरी तिथले हेल न सोडलेला. परसातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, एक हात हवेत उंच धरून, आदल्या दिवशी लिहिलेली वाक्यं ती मोठ्यानं म्हणून पाही, आणि वाक्य मनाजोगतं वळलं की तो हात अलगद खाली येई. वर विजेच्या तारेवर पांढरे काकाकुवे कर्कश ओरडत. ती दाद आहे याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

मॉइरा कादंबरीकार होती, आणि तिच्याइतकी वाईट कादंबरी अख्ख्या सिडनीत कुणी लिहिली नसेल. तिच्या पुस्तकांत कुणी साधं रडत नसे. ‘नेत्रांच्या दोन घागरी गालांवर उलट्या होत’. कुणी दार उघडत नसे. ‘काष्ठाच्या त्या निर्दय पहारेकऱ्याला’ बाजूला सारलं जाई. पाच-सहा विशेषणं सोबत घेतल्याशिवाय चंद्राला उगवायची मुभाच नव्हती. माझी मुलगी एक पान वाचून कोचावर लोळायला लागली. ‘‘आई, इट्स सो बॅड, इट्स ब्रिलियंट!’’ हीच मॉइराची कीर्ती होती. दर वर्षी वस्तीतले हौशी लोक तिच्या कादंबरीचं पान न हसता वाचून दाखवायची स्पर्धा लावत, आणि वाचणाऱ्यासकट सगळे हसून हसून बेजार होत. मॉइरा पहिल्या रांगेत, पिसं लावलेली टोपी घालून, ताठ बसलेली असे. बिचारीला काही कळत नाही, असं मला वाटायचं.

कळत होतं. एका दुपारी तिच्या व्हरांड्यात चहा पिताना, फुलांमुळे जांभळा झालेला उजेड गवतावर रेंगाळत असताना, तिनं अगदी सहज सांगितलं, ‘‘हसतात ते, लव्ह. नो वरीज, हसू देत. पण मरायच्या आधी एकदा, फक्त एकदा, माझं पान ऐकून माणसांनी भरलेली खोली गप्प झालेली बघायचीय मला.’’ हृदय थकलंय, डॉक्टर फार दिवसांची हमी देत नाहीत, हेही तिनं त्याच सुरात सांगितलं. इतकी वाक्यं नटवणारी बाई स्वतःच्या मरणाबद्दल किती साधं बोलली!

आणि मग मला ते सुचलं! कप तसाच टाकून मी घरी पळाले. जवळच्या पेंडल हिलमधल्या आमच्या मराठी मंडळींचं अभिवाचन जवळ आलं होतं आणि यंदा काय वाचायचं ते माझ्यावर सोपवलेलं होतं. मी मॉइराचं एक प्रकरण मराठीत उतरवायला घेतलं. नुकतीच विधवा झालेली नायिका रोजच्या सवयीनं नवऱ्याचं ताट मांडते, एवढाच त्यातला प्रसंग. आणि काय सांगू! इंग्रजीत जे दागिने भर दुपारी भाजीबाजारात घालून आल्यासारखे दिसत होते, ते मराठीत लग्नघरी शोभावेत तसे शोभायला लागले. आपले कान अशा भरजरी वाक्यांना किती सरावलेले आहेत! ‘अश्रुपूर्ण’, ‘नीरव’, ‘म्लान’ हे शब्द जणू आपल्या माहेरी पोचले होते. मी एकटीच खोलीत टाळ्या वाजवल्या.

हॉलमध्ये मात्र माझी खात्री डळमळली. समोर मी बोलावून आणलेली मॉइरा, तिच्या मागे पुण्याहून मुलांकडे राहायला आलेले कितीतरी आई-बाबा, आणि त्यांच्या मधोमध नलूकाकू, माझ्या मैत्रिणीच्या आई. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं हसणाऱ्या. त्यांना हसू फुटलं असतं तर अख्खा हॉल त्यांच्यामागे गेला असता, आणि मॉइराला हसणं कळायला मराठी यायची गरज नव्हती. घागरींचं वाक्य आलं. काकूंचे खांदे हलताना दिसले. पण काकू हसत नव्हत्या. ओढणीच्या टोकानं डोळे पुसत होत्या.

मी वाचत गेले तसा हॉल शांततेत खोल खोल उतरत गेला. कुणी खोकलं नाही. कुणाचा फोन उजळला नाही. एका शब्दाचाही अर्थ न कळणारी मॉइरा या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत असं काही चमकत होतं की शेवटचा परिच्छेद मी जवळजवळ ओरडूनच वाचला. आनंदानं!

वाचन संपल्यावर काकूंनी थेट येऊन मॉइराचे दोन्ही हात धरले. मोडक्या इंग्रजीत त्या म्हणाल्या, ‘‘माय हजबंड, लास्ट इयर. आय ऑल्सो पुट हिज प्लेट.’’ मॉइरा माझ्याकडे वळली. ‘‘टॉम गेल्यावरही मी त्याचं ताट मांडायचे... ते यांना कसं ठाऊक?’’ ते प्रकरण तिनं रचलेलं नव्हतं, जगलेलं होतं, हे तेव्हा मला समजलं.

पुढच्या जुलैत, इथल्या ऐन थंडीत, मॉइरा गेली. स्पर्धा अजून भरते, तिच्या पानांवर अजून हशा पिकतो, आणि त्याचा आता मला राग येत नाही. माणसाबरोबर त्याचा आवाज काळ घेऊन जातो, थोड्या दिवसांनी त्याचा चेहराही मागून नेतो. पण त्याच्यासाठी एखाद्या खोलीत पसरलेली शांतता काळ कुणाकडून मागणार? ती ऐकणाऱ्या सगळ्यांत वाटली गेली आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांना मॉइराचं आडनावही माहीत नाही.