बोलू नका, विचार चालू आहे

आमचा शैलेंद्र कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितो, तेही इथं रांझी गावातल्या आमच्या घरी, मागच्या खोलीत बसून. त्याच्या टीशर्टांवर इंग्रजीत विनोद छापलेले असतात. एकावर ‘काल तर चालत होतं’, दुसऱ्यावर ‘चहा पोटात गेल्याशिवाय सुरू होत नाही’. त्याचा सगळा आठवडा मी दोरीवर वाळत घालते. लाडका मात्र काळा: ‘बोलू नका, विचार चालू आहे’.

त्याचे बाबा, गुणवंतराव, तीस वर्षं फॅक्टरीत होते. तिथं पाटीवर लिहिलेलं मुकाट पाळायचं. शैलेंद्रनं अर्थ सांगितल्यापासून काळा टीशर्ट दिसला, की हे दारातूनच माघारी फिरत.

“अहो, गंमत आहे ती,” मी म्हटलं.

“कामाच्या कपड्यावर गंमत काहून लिहीन कोणी?” संपलं. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन मंगळवारी ठरलं. पोरानं सोबत यावं, एवढंच ह्यांना हवं होतं. “मीच सांगीन त्याले. तू मधात बोलू नको,” म्हणाले, आणि वर शपथ घातली. पाच दिवस गेले, सांगणं काही होईना. पोरगा आत स्क्रीनसमोर तरंगत असायचा, बाप अंगणात उन्हात. ह्यांना सगळं दुधात बुडाल्यासारखं दिसायचं. दोघं आपापल्या धुक्यात, आणि मधे मी एकटी धुसफुसत.

सोमवारी सकाळी मी त्याचे झाडून सगळे टीशर्ट भिजवले. मुद्दाम. शपथ बोलण्याची होती, धुण्याची नव्हती.

शैलेंद्र उठला. पेटीत हाताला लागला तो ह्यांचा फॅक्टरीतला जुना खाकी शर्ट त्यानं चढवला आणि कप घेऊन अंगणात ह्यांच्याजवळ बसला. थंडीतलं कोवळं ऊन होतं. पपईची सावली दोघांवरून हळूहळू सरकत होती. कुणाला कसलीच घाई नव्हती.

“पुंडलिक?” हे म्हणाले. पुंडलिक फॅक्टरीत ह्यांच्या शेजारच्या मशीनवर असायचा.

शैलेंद्र अजून अर्ध्या झोपेतच होता. कपात फुंकर घालत राहिला.

“अच्छा झालं आला. यार, उद्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. भीती वाटून राहिली. पट्टी काढली अन् काहीच दिसलं नाही, तर? पोराले चल म्हटलं असतं. पण तो दिवसभर विचार करून राहतो. माझ्यानं त्याचा विचार तुटला, तर पुन्हा कसा जोडन तो?”

मी दारातच थांबले. पोराच्या हातातला चहा निवून गेला.

“बाबा,” तो म्हणाला, “किती वाजता निघायचं?”

ह्यांनी आवाज ओळखला. ओशाळले. “तुझं काम?”

“उद्या नाही करत.”

ह्यांनी चाचपत त्याचा दंड धरला. “आठ वाजता. पण तू आतपर्यंत येशील ना? का बाहेरच थांबशील?”

मला भरून आलं, आणि खरं सांगते, रागही आला. चौतीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला असं कधी काही विचारलं नव्हतं.