रावजीशेठचा बाटला

अहो, थांबा जरा, असे पाठ फिरवून चाललात कुठं? मी बोलतोय, बाटला. बाटली म्हणाल तर मला राग येईल. बाटली माणसाच्या हातात मावते, माझ्या पोटाला मिठी मारायची तर दोन माणसं लागतात. गळा फुटका आहे, खांद्यावर राळेचं ठिगळ आहे, ते मलाही ठाऊक आहे. पण एके काळी साऱ्या मुंबई इलाख्यात माझ्याएवढा व्हिस्कीचा बाटला दुसरा नव्हता, असं रावजीशेठ छातीठोकपणे सांगायचे. शेठ बोलायला मोठे, खरंखोटं देव जाणे. मी आपलं मानून चाललो.

मी जन्मलो मुंबईतल्या एका काचकारखान्यात. स्वातंत्र्य मिळालं, त्यानंतरचा पहिलाच हिवाळा होता. बाबाजी नावाचा कारागीर शिडीवर उभा राहून फुंकणीतून मला फुंकत होता. माझ्या आधीची भावंडं भट्टीतून निघता निघताच फुटली होती. मी अर्धा फुगलो आणि बाबाजीचा दम संपला. मग त्यानं फुंकणीतून तोंडभर पाणी सोडलं. आत त्याची वाफ झाली आणि मी सावकाश फुगत गेलो, फुगत गेलो. ते आठवलं की अजून गुंगी येते. सगळं लालभडक, मऊ, आणि कुठून तरी लांबून बाबाजीचा आवाज, “टिकलास रे पठ्ठ्या!”

रावजीशेठ मूळचे मुरुडकडचे भंडारी. गिरगावात त्यांचं विलायती दारूचं दुकान होतं. दारूबंदी येणार, येणार अशी बोलवा उठली होती. दुकान जायचंच आहे तर जाता जाता गावासाठी काही तरी करू, असं त्यांनी ठरवलं. पण साधंसुधं करतील ते शेठ कसले! सगळ्यांत मोठा बाटला घडवायचा, व्हिस्कीनं गळ्यापर्यंत भरायचा, मुंबईच्या बड्या लोकांपुढं त्याचा लिलाव करायचा, आणि जे येईल त्यातून काशीद आणि मुरुडच्या मधल्या कोळीवाडीत बाळंतिणींसाठी एक खोली बांधायची, असा तो बेत होता.

खोलीची गोष्ट त्यांच्या डोक्यात घातली सोनाबाईनं. सोनाबाई म्हणजे मचव्याचा म्होरक्या धर्माजी तांडेल, त्याची बायको. आदल्या पावसाळ्यात तिची थोरली लेक राही बाळंतपणाला आली होती. ऐन आषाढात कळा सुरू झाल्या. समुद्र बंद, खाडी दुथडी भरलेली, मुरुडला न्यायला डोलीशिवाय काही नाही. खाडीकाठी पाणी उतरायची वाट बघत राही डोलीतच गेली, आणि पोटातलं बाळही गेलं. आता धाकटी नलू माहेरी आली होती, तिचे दिवसही आषाढातच भरत होते. शेठ गावी आले तेव्हा सोनाबाई त्यांच्या ओटीवर जाऊन बसली आणि म्हणाली, “शेठ, येक पोर मी खाडीला दिली. दुसरी देनार न्हाय.”

मला वाडीवर आणलं ते धर्माजीच्याच मचव्यातून. पेंढ्यात बसवलं होतं, तोंडाला बूच नव्हतं. वारा आत शिरायचा आणि मी हूंऽऽ हूंऽऽ करत गायचो. वर शीड फुगलेलं, खाली पाणी चुबुकचुबुक करतंय, आणि मी अर्धवट झोपेत. माझ्यासारखं सुख कुणाला नसेल, असं मला वाटत होतं. एक खलाशी घाबरून म्हणाला, “तांडेल, ह्यो बोलतो!”

“बोलंल नायतर काय!” धर्माजी म्हणाला. “जीव हाय त्याला. नव्या होडीवानी हाय त्यो.”

शिमगा होऊन गेला आणि लिलावाचा दिवस उजाडला. वाळूवर मांडव घातला होता. पिंपांतून व्हिस्की माझ्यात ओतली, सुताराकडून घडवून घेतलेलं बूच वर ठोकलं. काय सांगू तुम्हाला! पोटात ती गेल्यावर मला सगळी दुनिया मधाच्या रंगाची दिसू लागली. माड, होड्या, वाळत घातलेले बोंबील, सगळं सोनेरी आणि डुलतंय. नलू दमून माझ्या सावलीत येऊन बसली. माझ्यातून गाळून आलेलं ऊन तिच्या पोटावर हलत होतं आणि आतून बाळही हलत होतं. ती त्या उजेडावर हात ठेवून हसली. मला तिथून कुणी कधी हलवू नये, असं वाटलं.

मुंबईचे पाहुणे लाँचमधून उतरले. शेठ जरीचा फेटा बांधून मिरवत होते. त्यांनी धर्माजीला पुढं बोलावलं. “धर्माजी, पूजा तुझ्या हातची. अगदी नव्या होडीची करतोस तशी कर. काही कमी ठेवू नकोस हो.”

आता कोळ्याला असं सांगितल्यावर तो काय करणार? हळदकुंकू लावलं, माळ घातली, धूप फिरवला. आणि नव्या होडीच्या पूजेत शेवटी काय असतं? होडीच्या नाकावर नारळ! तोही एका घावात फुटला पाहिजे, नाहीतर अपशकुन. धर्माजीला आजवर दुसरा घाव घालावा लागला नव्हता. त्यानं डोळे मिटले, समुद्राचं नाव घेतलं आणि ठाण्‌कन नारळ माझ्या खांद्यावर हाणला.

नारळ फुटला. एका घावात फुटला. माझा गळा बुचासकट उडाला, खांद्याला तडा गेला आणि व्हिस्की भळाभळा वाळूत वाहू लागली. “अरे, अरे!” करत सगळे धावले. काही गडी ओंजळी पुढं करून आले, त्यांना सोनाबाईनं दटावून मागं सारलं. धर्माजी माझ्या तड्यावर दोन्ही तळवे दाबून धरून बसला, पण ती कसली थांबते! होडीच्या फटी बुजवायचा कापूस आणि राळ आणून भरेस्तोवर तड्याच्या वरची सगळी वाळूनं पिऊन टाकली होती, आणि खालच्या व्हिस्कीत काचेचा चुरा पडला होता, म्हणून तीही वाळूतच ओतावी लागली.

“मेल्या, मी पूजा कर म्हणालो, नारळ फोड कुठं म्हणालो?” शेठ किंचाळले.

“नारलाबिगर पूजा कशी व्हईल, शेठ?” धर्माजी रडवेला झाला होता. “तुमीच बोल्लाव, होडीवानी कर.”

शेठ मटकन वाळूत बसले. “गेला! माझा विक्रम गेला! फुटक्या बाटल्यावर कोण बोली लावतंय आता?” पाहुणे तोंडाला रुमाल लावून हसले आणि एकेक करत लाँचकडं वळले. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! लाजेपेक्षा भीती जास्त. नलू पदर चावत कोपऱ्यात उभी होती आणि आषाढ काही लांब नव्हता.

सोनाबाई उठली. “तुमचा इक्रम गेला, शेठ. माजी पोर आजून जायची हाय,” ती म्हणाली. मग वाकून तिनं वाळूतली नारळाची दोन भकलं उचलली, पदरानं पुसली आणि मांडवात उभी राहिली. “पूजा झाली ना? मंग पूजेच्या नारलाचा लिलाव व्हयाचा हाय. बोला!”

आमच्याकडं ही रीत आहे. पूजेच्या नारळावर बोली लागते, ती काही खोबऱ्यासाठी नसते. पण त्या दिवशी जो तो पायानं वाळू उकरत होता. माझा तर जीव टांगणीला लागला.

शेवटी आतल्या गावातून भात विकायला आलेला भागोजी शेतकरी खाकरला. “घराच्या जोत्याला चिरं काढून ठेवलं हायत. ते दिलं. घर काय, फुडल्या साली बांधू.”

“माजी मेवनी माणगावला दिलीय,” धर्माजीच्या मचव्यावरचा दादू म्हणाला. “तिच्या सासऱ्याची कौलांची भट्टी हाय. छपराची कौलं माजी.”

“पिऊन बोलतोस का काय?” कुणी तरी टोकलं.

“पितोय कुठनं! समदी वाळूनं पिली,” दादू म्हणाला, आणि मांडवात हशा पिकला. मग बोली चढतच गेली. म्हातारी मनुबाई काठी आपटत पुढं आली आणि तिनं विहिरीजवळची आपली जागा बोलली. कुणी जुन्या होडीच्या फळ्या दिल्या, तर कुणी हातांची मेहनत. सोनाबाई प्रत्येकाला विचारायची, “आजून कोन?”

शेठ उठले. फेटा सुटला होता, धोतराला वाळू लागली होती. “शिकलेली सुईण,” ते म्हणाले. “मुंबईहून आणतो. तिचा पगार माझ्याकडं. दुकान राहो नाहीतर जावो.”

त्याच्या वर बोली गेली नाही. नारळ शेठना गेला. त्यांनी त्याचे तुकडे करून सगळ्यांना वाटले आणि पहिला तुकडा नलूच्या तळहातावर ठेवला.

भिंती उभ्या राहिल्या. सुईण वेणूबाई आली आणि आल्या आल्या कुरकुरली, “छप्पर कुठंय?” दादूची कौलं माणगावहून निघाली होती, पण चिखलात गाडी अडकली. आणि नेमक्या त्याच पावसात, भर दुपारी, नलूला कळा सुरू झाल्या.

धर्माजी धावत किनाऱ्यावर गेला. मचव्याचं शीड उतरवून त्यानं ते चार भिंतींवर ताणून बांधलं. मला त्याच्या कडेखाली उभं केलं होतं, गळणारं पाणी माझ्यात साठत होतं. त्याच पाण्यानं वेणूबाईनं हात धुतले आणि ती आत गेली. आत काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. सोनाबाई बाहेर माझा खांदा धरून उभी होती. खूप वेळ नुसता पाऊस ऐकू येत होता. मग बाळ रडलं. वेणूबाई डोकं बाहेर काढून म्हणाली, “मुलगी आहे. नलू बरी आहे हो, पाणी मागतेय.” सोनाबाई तिथंच बसली आणि मला कवटाळून हमसून हमसून रडली.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. दारूबंदी आली, शेठचं दुकान गेलं, पण पगार चुकला नाही. आता एस. टी. दारापर्यंत येते. मी अजून इथंच, पाणी भरून उभा आहे. मुंबईची माणसं येतात, हसतात आणि विचारतात, “ह्यात व्हिस्की किती मावत होती?” आत किती पोरं जन्मली, ते एकानंही विचारलेलं नाही. विचारू नका, बापडे.

पण एक मागणं आहे. आत कुणी अडली असली की एक म्हातारी येऊन, तेव्हासारखाच माझा खांदा धरून, पायरीवर बसते. आपली परकी बघत नाही, आगरी, कोळी, मुसलमान, कुणीही असो. बाळ रडलं की ती हळूच म्हणते, “राही, आयकलंस ना ग?” आणि घरी जाते. कधी इकडं आलात आणि ती वाटेत बसलेली दिसली, तर तिला उठवू नका. बाळ रडेपर्यंत तिला बसू द्या.