फार मोठी शिक्षा

सॅटिनचा एक पट्टा. त्यावर सोनेरी जरीची अक्षरं. ‘मिस’मधला ‘स’ उसवून लोंबतोय.

रायपुरात तेलीबांधा तलावाच्या रस्त्यावर जाहिरातीचा फलक. एका बाईचा हसरा चेहरा अर्धा सोललेला, खालून दुसरीचं हसू दिसतंय.

अभनपुरात एक दवाखाना. पाटीवर डॉक्टर निधीचं नाव.

मोबाइलवर दोन ओळी. त्यांच्याखाली एका ओळीचं उत्तर.

हे सगळं एका जागी आणायचं, तर इंदूच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जावं लागेल. तिचं कपाट रिकामं करायला धाकटी बहीण चित्रा वर्ध्याहून येऊन थांबली होती. मुलगी इरावती पलंगावर बसून साड्या उलगडत होती, पुन्हा त्याच घड्यांवर घालत होती. पट्टा सगळ्यात तळाशी निघाला, डांबराच्या गोळ्यांच्या वासाचा.

“ताईनं हे अजून जपून ठेवलं होतं काय वं!”

“उन्हीं का तो था, मौसी. मेरा क्या था?”

सतरा वर्षांपूर्वी रायपुरातल्या सौंदर्यस्पर्धेची अंतिम फेरी आणि मेडिकलची प्रवेशपरीक्षा एकाच रविवारी आली. मैत्रीण निधी परीक्षेला गेली. इरावती स्पर्धेला गेली आणि जिंकली. वर्षभर तिनं दुकानांच्या फिती कापल्या. पुढच्या वर्षी कात्री दुसरीच्या हातात गेली. मग मुंबईतली दोन वर्षं, ज्यांबद्दल ती कोणाशी बोलली नाही. मग परत रायपूर, एका बिल्डरच्या फलकावरचा चेहरा, आणि चेहरा जुना झाल्यावर त्याच बिल्डरकडे ‘नवा रायपूर’मध्ये फ्लॅट दाखवायची नोकरी. बाल्कनी दाखवताना एखादं गिऱ्हाईक टक लावून बघे. “आपको कहीं देखा है.” ती हसून म्हणे, “बोर्ड पे.”

परीक्षा का सोडली, असं कोणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं: “मम्मी को शौक था.” इंदूसमोरही ती हेच सांगे. इंदू चहा ठेवायला उठून जाई.

गेल्या वर्षी निधीनं दवाखाना काढला आणि फीत कापायला मोठ्या प्रेमानं इरावतीलाच बोलावलं. इरावतीनं फीत कापली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथून परतली ती आईच्या घरी गेलीच नाही. फोन उचलणंही सोडलं. महिन्याभरानं आईचा तो मेसेज आला.

“ये देखो मौसी.” तिनं मोबाइल पुढे केला. “आखरी मैसेज. उसमें भी अपनी तारीफ.”

चित्रानं चष्मा कपाळावर सरकवून मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि मोठ्यानं वाचलं.

“इरा, मी तुला फार मोठी शिक्षा दिली. हे मला आता या वयात कळते आहे.”

मग तेच पुन्हा मनात वाचलं.

“तारीफ काहून म्हणून राहिली तू?” ती म्हणाली. “ताई तं माफी मागून राहिली होती.”

“माफी कहाँ? बहुत बड़ी शिक्षा दी, यही तो लिखा है. पढ़ाया, लिखाया...”

“अवं पोट्टे, पढ़ाई नाही. मराठीत सजेले शिक्षा म्हणतात.”

बोलताना इंदूही ‘सजा’च म्हणायची, रायपुरात राहून कोण दुसरं म्हणणार? पण लिहायला बसली की तिला वर्ध्याची शाळा आठवायची आणि शुद्ध भाषा सुचायची. इरावतीनं मराठी जन्मभर ऐकली होती. वाचली कधीच नव्हती. अक्षरं तीच म्हणून हिंदीसारखी वाचली होती.

चित्राचं बोट खाली सरकलं. इरावती मोबाइल ओढून घेणार तोवर मावशीचे डोळे उत्तरावर पोहोचले होते.

“हाँ, बहुत बड़ी शिक्षा दी आपने. थैंक्यू.”

“हे तूनं लिवलं?”

इरावतीनं टोमणा मारला होता. आईनं तो होकार म्हणून वाचला असणार.

“त्या दिवशी मले फोन आला होता तिचा,” चित्रा म्हणाली. “म्हणे, इराचं उत्तर आलं. मी म्हटलं, काय म्हणते पोट्टी? तं म्हणे, बरोबरच म्हणते.”

“और?”

“अजून काही नाही. मंग कणकीचं विचारत बसली. लाडवाच्या.”

इरावतीनं पट्टा मांडीवर घेतला. लोंबणारा ‘स’ तिनं नखानं जागेवर दाबून धरला. सोडला की तो पुन्हा खाली येई. तिनं मोबाइलवर आईचं नाव उघडलं, ‘मम्मी, मैंने’ एवढं लिहिलं. मग तेही पुसलं.

“दीदी म्हणत होती,” चित्रा कपाटात तोंड घालून म्हणाली. मग स्वतःच थबकली. “बघ, मीही तुह्यासारखी हिंदी बोलून राहिली,” ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसू लागली.

स्पर्धेचा फॉर्म इरावतीनं स्वतः भरून आणला होता. पालक म्हणून सही करण्याआधी इंदूनं एकदाच विचारलं होतं, परीक्षा कधी आहे.