चार नंबरच्या ट्रंकेतले अठ्ठेचाळीस फॉर्म

मी एक जुनी, काळी, लोखंडी ट्रंक आहे. फौजी माणसाच्या घरात असते तशी. माझे वय एकोणीस वर्षे आहे. रिकामी असताना माझे वजन अठरा किलो भरते. भरल्यावर किती होते, ते मला उचलणाऱ्या जवानांना विचारा. उचलताना ते जे शब्द वापरतात ते मात्र मी येथे लिहिणार नाही, कारण हे तुम्ही मुलेही वाचणार आहात.

मित्रांनो, माझा जन्म बेळगावात एका पत्रेवाल्याच्या दुकानी झाला. त्याने मला ठोकून ठोकून चौकोनी केले, काळा रंग दिला आणि उन्हात वाळत ठेवले. संतोष जगदाळे नावाच्या नव्या शिपायाने मला विकत घेतले तेव्हा माझा रंग पुरता वाळलाही नव्हता. त्यामुळे त्यांच्या पहिल्या पांढऱ्या शर्टावर माझी एक काळी रेघ उमटली. आमची ओळख अशी झाली.

पुढे शिपायाचे ते नायक झाले, हवालदार झाले आणि आता सुभेदारसाहेब आहेत. मी मात्र ट्रंकच राहिले. जोधपूर पाहिले, तेजपूर पाहिले. नगरला तर चार वर्षे पलंगाखाली डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून काढली. तिथे माझी आठवण फक्त थंडीत यायची, तीही रजई काढण्यापुरती. तो काळ आठवला की अजून माझ्या बिजागऱ्या कुरकुरतात.

झाशीला आल्यावर मात्र माझे दिवस पालटले. छावणीतल्या क्वार्टरमध्ये एक सरकारी टेबल होते, पण त्याच्या एका पायाचे वाळवीने भुसकट केले होते. तेव्हा सुभेदारसाहेबांच्या पत्नी भावनाताई यांनी मला खिडकीशी ओढले, वर सतरंजी अंथरली आणि पुस्तके मांडली. मी एका रात्रीत विद्वान झाले.

भावनाताई जवळच्याच एका छोट्या खासगी शाळेत शिकवतात. त्या घरी बसून शैक्षणिक नेतृत्व या विषयात एम.ए. करत होत्या. म्हणजे शाळा कशी चालवावी, शिक्षकांना बरोबर कसे घ्यावे, याचा अभ्यास. या पदवीने त्यांना आधी दोनदा हुलकावणी दिली होती. जोधपूरला नाव घातले आणि परीक्षेच्या तोंडावर बदली आली. तेजपूरला पुन्हा घातले, तर पुस्तके पोस्टाने येईपर्यंत आम्हीच नगरला पोचलो. आता ही तिसरी खेप. नोंदणीची मुदत याच जूनला संपत होती. लघुप्रबंध वेळेत जमा झाला नाही तर सगळे मुळापासून, आणि चौथ्यांदा सुरुवात करायचे बळ आता माझ्यात नाही, असे त्या एकदा माझ्यावर डोके टेकून म्हणाल्या होत्या. मला ते फार लागले.

त्या मोठ्याने वाचायच्या, म्हणून मलाही ज्ञान मिळाले. नेतृत्वाच्या शैली असतात म्हणे! एक हुकूम देणारी, एक सर्वांना विचारून चालणारी, एक मोकळे सोडणारी. एकोणीस वर्षे फौजेत काढून मला एकच शैली ठाऊक होती, ती म्हणजे "उठाओ". नववीतली मेघना जमिनीवर पसरून गृहपाठ करायची. तिला मराठी सगळे कळते, पण बोलताना ती हिंदीवर घसरते. पहिल्या शैलीचे वर्णन ऐकून ती म्हणाली, "मम्मी, ये तो पापा हैं. किताब में फोटो भी है क्या?"

सुभेदारसाहेब तेव्हा बूट चमकवत होते. ते म्हणाले, "घरात कुणीतरी निर्णय घ्यायला पाहिजे का नको? विचारत बसलो तर गाडी सुटते." आणि पुन्हा बूट घासू लागले.

भावनाताईंच्या प्रबंधाचा विषयच होता, शाळेच्या निर्णयांत सर्वांचा सहभाग. त्यासाठी त्यांनी आसपासच्या शाळांतल्या अठ्ठेचाळीस जणांकडून फॉर्म भरून घेतले. मुख्याध्यापक, शिक्षक, कारकून, सगळे. त्यांच्या शाळेतल्या बायडाबाईंचाही एक होता. बायडाबाई शाळेत घंटा देतात आणि पाणी भरतात. त्यांचे घराणे झाशीजवळच्या गुरसराय गावचे, पिढ्यान्पिढ्यांचे मराठी. त्यांनी कुठेच खूण केली नाही. सांगून लिहून घेतले: "घंटा मी देते, पण सुट्टीची वेळ बदलली की मला ती पोरांकडून कळते." सगळा प्रबंध त्या एका वाक्याभोवती उभा राहिला असे म्हणायला हरकत नाही.

आता एक बारीक गोष्ट सांगते, कारण सगळे रामायण तिच्यामुळेच घडले. शाळा काटकसरीची. तिथे कोरा कागद मागितला की पाठकोरा मिळतो. भावनाताईंनी आपले फॉर्म जुन्या चाचणी परीक्षेच्या पेपरांच्या मागच्या बाजूला छापून घेतले होते. एका बाजूला शिक्षकांचे मन मोकळे झालेले आणि दुसऱ्या बाजूला पाचवीचे गणित, "एका टाकीत दोन नळ". हा गठ्ठा त्यांनी माझ्या पोटात ठेवला, गणिताची बाजू वर करून. प्रबंधासोबत मूळ फॉर्म दाखवावे लागतात, म्हणून तो जिवापाड जपायचा होता.

आणि मे महिन्यात बदलीचा हुकूम आला. बिन्नागुडी, तिकडे उत्तर बंगालात.

फौजी घरात हुकूम आला की सामान बांधणे हा एक सोहळा असतो. प्रत्येक पेटीला नंबर (माझा चार), प्रत्येक पेटीत यादी, काचेच्या वस्तूंना रद्दीची गुंडाळी, वरून तरट शिवायचे आणि सुतळीच्या गाठी. सुभेदारसाहेबांच्या गाठी तर साऱ्या युनिटमध्ये प्रसिद्ध आहेत. एकदा मारलेली गाठ त्यांना स्वतःलाही सुटत नाही. सोमवारी प्रबंध जमा करायचा होता आणि त्याआधीच्या शनिवारी, भावनाताई सकाळच्या शाळेत असताना, सामानाचा ट्रक दारात आला.

सुभेदारसाहेबांनी माझे झाकण उघडले. गठ्ठा पाहिला. टाकी आणि दोन नळ पाहिले. "रद्दी मिळाली!" असे म्हणून त्यांनी खुर्जाचा चिनी मातीचा टी-सेट काढला आणि एकेक कप, एकेक बशी त्या कागदांत गुंडाळून माझ्यात रचली. मग पुरणयंत्र, सोऱ्या, लोणच्याच्या बरण्या. मित्रांनो, मी ओरडले. पण ट्रंक ओरडली तर फक्त बिजागरी वाजते, आणि सुभेदारसाहेबांनी तिच्यावर थोडे तेल सोडले. मग कुलूप, तरट, गाठी आणि "उठाओ".

पुढचे मी नंतर ऐकले, मेघना फोनवर साताऱ्याच्या आजीला सांगत होती तेव्हा. भावनाताई दुपारी घरी आल्या. बायडाबाई बरोबर होत्या, प्रबंधाला जोडायचे शाळेच्या शिक्क्याचे पत्र घेऊन. खिडकीजवळची जागा रिकामी.

"ट्रंक कुठे आहे?"

"वो तो घंटाभर पहले गई, मम्मी. पापा ने भेज दी. उसमें टी-सेट रखा है, पुराने मॅथ्स के पेपर में लपेट के."

भावनाताई खाली बसल्या. सुभेदारसाहेबांचा फोन लागेना, ते कुठल्याशा मीटिंगमध्ये होते. ट्रकवाल्याचा नंबर त्यांच्याच डायरीत. "संपलं," भावनाताई म्हणाल्या. "आता कानपूरला तरी गाठता येईल का?" आणि त्या रडू लागल्या. मेघनानेही त्यांना पाहून सुरू केले.

बायडाबाई दारात उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "कानपूरला कशाला? चिरगावला गाठा की. इकडचे ट्रकवाले पहिला चहा चिरगावच्या अलीकडच्या ढाब्यावर घेतात. माझी लेक चिरगावातच दिलेली आहे, जाता-येता मी बघते ना."

"अहो बायडाबाई, मग मघापासून बोलला का नाहीत?"

"मला पुसलंच नाही कुणी."

भावनाताईंनी डोळे पुसले आणि स्कूटीची व ट्रंकेची अशा दोन्ही किल्ल्या उचलल्या. मेघना आणि बायडाबाई मागे बसल्या.

मी तेव्हा ट्रकमध्ये होते. माझ्या डोक्यावर गाद्या, बाजूला राजाभाऊ कदम नावाच्या दुसऱ्या सुभेदारांचा फ्रिज. उन्हाने पत्रा असा तापलेला की माझ्यावर भाकरी भाजली असती. ट्रक थांबला आणि समोशांचा वास आला. तासाभराने बाहेर भावनाताईंचा आवाज ऐकू आला, आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

"भैया, चार नंबर की पेटी नीचे उतारो! अभी! फौरन!"

आवाज हुबेहूब सुभेदारसाहेबांचा. ड्रायव्हरने समोसा खाली ठेवला नाही. "मैडम, साहब का हुकुम है, बिन्नागुड़ी से पहले रस्सी नहीं खुलेगी. और दो घर का सामान है, पूरा ट्रक खाली करना पड़ेगा."

भावनाताईंनी आणखी वरचा सूर लावला. ड्रायव्हरने दुसरा समोसा मागवला. तेवढ्यात बायडाबाईंनी त्यांच्या पदराला हलकेच ओढले. "बाई, तुमच्या त्या फॉर्मात काय लिहिलं होतं? त्यालाच पुसा ना, कसं निघेल ते. सामान त्यानं भरलंय."

मग भावनाताई वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "भैया, उसमें मेरी परीक्षा के कागज हैं. सोमवार को जमा करने हैं. आप ही बताइए, क्या हो सकता है?"

ड्रायव्हर उठला, हात पुसले आणि ट्रकला एक फेरी मारली. "अरे, चार नंबर तो पीछे ही है. बस दो गद्दे हटाने हैं." मी पाच मिनिटांत जमिनीवर होते! गाठ मात्र कुणालाच सुटेना. शेवटी ढाब्यावरची कांदे कापायची सुरी आली.

त्या ढाब्यावर आमचा संसार मांडला गेला. मेघना कप सोडवी, बायडाबाई कागद मांडीवर ठेवून तळहाताने सपाट करीत आणि भावनाताई मोजीत. "आमच्या शाळेत सर्व निर्णय सर्वांच्या संमतीने होतात" असे ठणकावून लिहिणाऱ्या मुख्याध्यापकांचा फॉर्म आंब्याच्या लोणच्याच्या बरणीभोवती होता आणि संमतीवर तेलाचा मोठा डाग पडला होता. बायडाबाईंचा फॉर्म पुरणयंत्रात कोंबलेला सापडला. सुरकुतला होता, पण एक अक्षर गेले नव्हते. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी विचारले, "हाच ना माझा?" आणि मग तो त्यांनी भावनाताईंच्या हाती दिला नाही, झाशीपर्यंत स्वतःच्या छातीशी धरून आणला. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस मिळाले. मला ड्रायव्हरने झाशीला परतणाऱ्या एका टेम्पोत चढवून दिले. पैसे घेतले नाहीत, फक्त "पास होकर बताना" म्हणाला.

संध्याकाळी सुभेदारसाहेब घरी आले. त्यांना सगळे कळले. ते आत गेले, वर्दीची इस्त्री आणि पाणी मारायची बाटली घेऊन आले, आणि माझ्यावर ब्लँकेट अंथरून एकेक फॉर्म इस्त्री करू लागले. गणिताची बाजू खाली, माणसांची बाजू वर. इस्त्री करता करता वाचतही होते. घंटेचे ते वाक्य आले तेव्हा त्यांचा हात थांबला, आणि जळका वास आला म्हणून मेघनाने त्यांना हलवले.

"भावना," ते म्हणाले, "चूक झाली माझी. विचारायला पाहिजे होतं."

"हो," भावनाताई म्हणाल्या. "पाहिजे होतं." आणि चहा ठेवायला गेल्या. कप भरपूर मोकळे होते.

सोमवारी प्रबंध जमा झाला. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी कडक इस्त्रीचे, तेलाच्या डागाचे आणि एका कोपऱ्यावर जळलेले ते कागद पाहून विचारले म्हणे, की या संशोधनात काही त्रुटी राहिली का? भावनाताई म्हणाल्या, "एक फॉर्म घरीही भरून घ्यायला हवा होता." परीक्षक हसले. भावनाताई पहिल्या वर्गात पास झाल्या.

मग खरा पेच पडला. शाळेच्या मुख्याध्यापिका निवृत्त होत होत्या आणि ती जागा भावनाताईंना देऊ केली गेली. इकडे बिन्नागुडीची तारीख आलेली. रविवारी सुभेदारसाहेबांनी दोघींना माझ्याभोवती बसवले. मला वाटले, आता "उठाओ" येणार. ते म्हणाले, "माझं सांगणं नंतर. आधी तुम्ही दोघी बोला."

मेघना म्हणाली, "मैं बोर्ड यहीं से दूँगी." भावनाताई म्हणाल्या, "मला इथे राहायचंय. पण तुम्हाला एकटं पाठवायला जीव होत नाही."

सुभेदारसाहेबांना वाईट वाटले. ते स्पष्ट दिसत होते आणि त्यांनी लपवलेही नाही. "मला पण करमणार नाही," ते म्हणाले. "पण इतकी वर्षं माझ्या हुकमावर फिरलीस. दोन वर्षं तुझ्यासाठी मी एकटा राहीन की."

जायच्या सकाळी त्यांचा बिस्तरा आणि एक बॅग दारात होती. ट्रकने पुढे गेलेले आमचे सामान ते तिकडून परत पाठवणार होते. ते माझ्याजवळ आले. सवयीने हात कुलपाकडे गेला आणि तिथेच थांबला. स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी विचारले, "भावना, ट्रंकेला कुलूप लावू का?"

"नको," आतून आवाज आला. "रोज लागते मला."

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंनी शेवटी वस्तूंची काळजी घ्या असे सांगायची पद्धत आहे. तेव्हा बिजागऱ्यांना तेल द्या, पावसाळ्यात पत्रा पुसून ठेवा. पण दुसऱ्याची ट्रंक बंद करण्यापूर्वी तिच्यात काय आहे, हे एकदा त्याला विचारा. विचारायला अर्धे मिनिट लागते. चिरगावला जाऊन यायला दोन तास लागतात, आणि पेट्रोल वेगळे.