सासूच्या सासूचं नाव

गुरुवारी सकाळी मीनाक्षीने नेहमीसारख्या ज्वारीच्या भाकरी थापल्या, शेंगांची चटणी कागदात बांधली आणि लेकीची वेणी घालायला बसली. उत्कर्षा अठरा वर्षांची, पण आज मुद्दाम लहान पोरीसारखी आईच्या गुडघ्यांत डोकं खुपसून बसली होती.

"मम्मी, लई घट्ट नको की. नर्सिंगच्या कॉलेजात जायचंय, शाळेत न्हाय."

"आधी दाखला तर मिळू दे."

माजी सैनिकांच्या मुलांसाठी राखलेल्या जागांत उत्कर्षाचा नंबर लागला होता. सैनिकाची मुलगी असल्याचा दाखला तेवढा उद्या, शुक्रवारपर्यंत कॉलेजात द्यायचा होता. वडील असते तर त्यांनी सायकल काढून एका फेरीत आणला असता. पण सतरा वर्षं पलटणीत राहून धडधाकट घरी आलेले हवालदार शिवराज यंदा वैशाखात शेताच्या बांधावर छाती धरून बसले, ते उठलेच नाहीत. आता दाखला मागायचा तो त्यांच्या विधवेने.

आणि पलटणीच्या कागदांत त्यांच्या पत्नीचं नाव होतं जगदेवी. आधारवर, रेशनकार्डावर, उत्कर्षाच्या शाळेत मात्र आईचं नाव मीनाक्षी.

बाई एकच. वीस वर्षांपूर्वी जगदेवी लग्न होऊन अक्कलकोट रस्त्यावरच्या या घरात आली, तेव्हा सासू बजाबाईंनी मांडवातच हात आडवा केला होता. "ह्ये नाव न्हाय चालायचं. माज्या सासूचं नाव हाय त्ये. सुनेला हाक मारायची म्हंजी म्या सासूचं नाव तोंडानं घ्यायचं व्हय?" सगळे हसले. ताटात तांदूळ पसरले, अंगठीने त्यात 'मीनाक्षी' लिहिलं आणि घास भरवायच्या गडबडीत जगदेवी कुठे गेली, ते कुणी विचारलं नाही. शिवराजनी तेवढं पलटणीत तिच्या शाळेच्या दाखल्यावरचं नाव लिहून दिलं.

दुपारी सासूला घेऊन सगळे सोलापूरच्या सैनिक कल्याण कार्यालयात पोचले. तिथले साहेब काही वाईट नव्हते. "नाव बदलल्याचा कागद नाही, बाईंचे आईवडील हयात नाहीत. मग सैनिकाच्या आईने समोर येऊन सांगावं, दोन्ही नावांची बाई एकच म्हणून. दाखला लगेच देतो," म्हणाले.

बाकावर बसलेला एक जण खिदळला, "दोन नावं म्हंजी दोन बायका असत्याल. मिलिट्रीवाल्याचं काय सांगावं!"

"त्वांड सांबाळ," धाकटा दीर गुरप्पा उठलाच. मीनाक्षीने पदर ओढून खाली पाहिलं. मेलेल्या नवऱ्यावर असा शिंतोडा तिच्या नावामुळे उडत होता.

बजाबाईंना खुर्ची दिली. साहेबांनी बाकीच्यांना बजावलं, "मध्ये कुणी बोलायचं नाही. नावं आजींनीच सांगायची. आजी, ही कोण?"

"माजी सून. थोरल्याची बायकू. दुसरी कुनी न्हाय, देवाशपथ."

"नाव?"

"मीनाक्षी."

"आणि लग्नाआधीचं?"

बजाबाईंचे ओठ हलले.

"आमच्या आत्याबाईंचंच, माज्या सासूचं नाव," त्या शेवटी म्हणाल्या.

"त्यांचं नाव काय?"

"त्ये न्हाय घेत, सायेब."

"आज्जी, एकदाच म्हण की," उत्कर्षाचा आवाज चिरकला. "फक्त एकदा."

"मुली, तू बोलू नकोस," साहेब म्हणाले.

सोळा वर्षांच्या असताना ते नाव एकदा बजाबाईंच्या तोंडून निसटलं होतं. त्याच आठवड्यात त्यांचं तान्हं बाळ गेलं. "नाव घेतलंस, म्हणून गेलं," असं सासूने पाळण्याशेजारी उभं राहून सांगितलं होतं. छप्पन्न वर्षं त्यांनी ते खरं मानलं. आता एक मुलगा नुकताच गेला होता आणि दुसरा समोर उभा होता. त्यांनी गुरप्पाकडे पाहिलं आणि तोंडावर पदर दाबला.

शेवटी साहेबांनी लिहिलं: नाव सांगू शकल्या नाहीत. प्रकरण चौकशीसाठी गावी पाठवावे.

शुक्रवार गेला. जागा यादीतल्या पुढच्या मुलीला मिळाली.

सरकारने सैनिकाच्या माघारी त्याच्या बायकामुलांसाठी पुष्कळ करून ठेवलं आहे. मुलांना जागा आहेत, घरपट्टीत सवलत आहे, नोकरीत वाटा आहे. पण ते घ्यायला ती बाई तिच्या स्वतःच्या नावाने उरलेली असावी लागते. तिला अक्षतांच्या दिवशीच पुसून टाकणारे आपणच असतो, आणि पुसताना आपण हसत असतो. तुमच्या घरातल्या सुनेचं माहेरचं नाव तुम्हाला आठवतं का?

चौकशीचा माणूस दीड महिन्याने आला. उत्कर्षा तेव्हा टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायला जात होती, सकाळी सातच्या गाडीने, आणि आजी रोज तिला जाताना बघत होती.

तो मोटारसायकल लावतो न लावतो तोच बजाबाई काठी टेकत अंगणात आल्या. त्याने काही विचारलंसुद्धा नव्हतं.

"जगदेवी," त्या म्हणाल्या. "ल्ह्या. माज्या सुनेचं नाव जगदेवी. माज्या सासूचंबी जगदेवी. पुन्ना म्हणू? जगदेवी."

त्याने लिहून घेतलं, अंगठा घेतला. "झालं आजी. आता मिळेल दाखला."

"आन् माज्या पोरीची जागा?"

"ती केव्हाच भरली, आजी. पुढच्या वर्षी बघा अर्ज करून."

तो गेला. बजाबाई उंबऱ्यावर बसून राहिल्या. गोठ्याकडे सून म्हशीपुढे पाण्याची बादली ठेवत होती, तिच्याकडे त्यांनी किती तरी वेळ पाहिलं. मग सगळा जीव गोळा करून त्यांनी हाक मारली,

"जगदेवी! हिकडं ये, बाई."

ती वळली. आणि कोण पाहुणी आली म्हणून रस्त्याकडे बघू लागली.