जमनाताईंचा भरलेला पेला

सकाळी तुळशीला पाणी घालताना जमनाताईंचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला आणि तिथेच थांबला. मोनाली चार वर्षांची असताना तापाने फणफणली होती, तेव्हा त्यांनी ही माळ घातली. दारू-मटण जन्मात ओठाला लावणार नाही, पण माझ्या लेकीला उठवून बसव, असं देवाला सांगितलं. मोनाली उठून बसली, शिकली, पुण्याला नोकरीला लागली आणि तिथल्याच ऑफिसातल्या एका जपानी मुलात तिचा जीव गुंतला. उद्या लग्न. आणि आज संध्याकाळी त्याच लेकीच्या सुखासाठी जमनाताईंच्या पुढ्यात दारूचा पेला येणार होता.

मोनालीने फोनवरच सांगून ठेवलं होतं. "आई, शिन्याचे बाबा त्यांच्या गावची साके आणताहेत. तांदळाची असते. दोन्ही घरच्यांनी ती एकत्र घेतली की सोयरीक पक्की, असं मानतात ते. त्यांच्यात फार महत्त्वाचं असतं गं."

"आणि मी नाही घेतली तर?"

मोनालीने विषय आवरता घेतला. "बघू. मी सांगेन त्यांना काहीतरी."

ते 'काहीतरी' जमनाताईंच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. कारण असल्या गोष्टीचा अर्थ त्यांना कुणी समजावून सांगायला नको होता. श्रावणात त्यांच्या घरी कानबाई देवी बसते, कणकेच्या जाड रोटांचा प्रसाद होतो. तो भाऊबंदांतच खायचा, बाहेर द्यायचा नाही आणि कणभरही उरू द्यायचा नाही. घरच्याच माणसाने रोटाला नाही म्हटलं, तर तो घरचा राहिला कुठे? नाही म्हणावं तर व्याह्यांचा अपमान, हो म्हणावं तर लेकीसाठी घातलेली माळ खोटी.

"एवढासा घोट असतो," यजमान सुकलालभाऊ म्हणाले. "देव काय मोजत बसलाय?"

"मी मोजते ना," जमनाताई हळूच म्हणाल्या आणि भरताची वांगी भाजायला घेतली.

दिवेलागणीच्या थोडं आधी मेहरूणमधल्या त्यांच्या घरासमोर गाडी थांबली आणि मोनाली-शिन्या त्याच्या आईवडिलांना घेऊन उतरले. शिन्याचे वडील ओकादा भातशेती करणारे, उन्हाने रापलेले, कमी बोलणारे. आई बुटकी, हसरी, पायातल्या चपला काढून त्या नीट ओळीत लावूनच आत आली. जमनाताईंना ते बरं वाटलं. धुळ्याहून सुकलालभाऊंचे थोरले भाऊ लोटननाना दुपारीच येऊन बसले होते. घरात शेवटचा शब्द त्यांचा. नावं सांगून झाली तसे नाना मिशीत हसले. "शिन्या? मंग हाऊ तं आपलाच पोरगा शे! आमनी गल्लीमा दोन शिन्या शेतस."

जमनाताईंनी देवापाशी दिवा लावला. मागे वळून पाहिलं तर ओकादा नवरा-बायको दोघंही हात जोडून, मान लववून उभे. जमनाताईंच्या मनात आलं, एवढी चांगली माणसं, आणि यांना मी दुखवायचं?

मग ओकादांनी फुलाफुलांच्या कापडाची गाठ सोडली. आतून बाटली निघाली, चिनी मातीची एक छोटी सुरई आणि अंगठ्याएवढे पेले. त्यांनी गरम पाणी मागितलं. जमनाताईंनी तपेल्यात पाणी आणून दिलं. साके भरलेली सुरई त्यात उभी राहिली आणि हळूहळू खोलीभर वास पसरला.

नानांनी नाक वर केलं. "अरे, हाई तं केळीना वखारना वास शे!"

खरंच, पिकत घातलेल्या केळ्यांच्या वखारीचं दार उघडावं तसा गोडसर वास होता. मोनालीने ते जपानीत सांगितलं तेव्हा ओकादा पहिल्यांदा मोकळे हसले. हा तांदूळ त्यांच्याच शेतातला होता म्हणे.

पेले भरले गेले. सगळ्यांनी दोन्ही हातांनी उचलले. जमनाताईंनीही उचलला. पेला कोमट होता. मोनाली त्यांच्याकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून. समोर विहिणबाईंनी पेला नुसता ओठाला टेकवला आणि तसाच भरलेला खाली ठेवला. त्यांना कुणी काही म्हणालं नाही. पण जमनाताईंना ओठाला लावणंही चालणार नव्हतं. बोलणं ओठांचंच तर झालं होतं देवाशी.

त्यांनी डोळे मिटले, तीर्थासारखा पेला कपाळाला लावला आणि खाली ठेवला.

सुकलालभाऊंनी खाकरून घेतलं. विहिणबाईंनी मोनालीला काहीतरी विचारलं. मोनाली सांगू लागली, मध्येच थांबली, स्वतःच्या कपाळावर हात ठेवून ताप दाखवला, आईच्या गळ्यातल्या माळेकडे बोट केलं.

विहिणबाईंनी सगळं ऐकलं. मग आपला भरलेला पेला पुन्हा उचलला, आणि जमनाताईंनी लावला होता अगदी तसाच, दोन्ही हातांनी, कपाळाला लावला. ओकादांनी मान खाली झुकवली, मग मोनालीला जपानीत काहीतरी सांगितलं.

"आई," मोनाली डोळे पुसत म्हणाली, "शिन्याचे बाबा म्हणताहेत, झालं. सोयरीक झाली. त्यांच्याकडे देवापुढे ठेवलेली साके घेताना कितीतरी बायका नुसती ओठाला लावतात. तुम्ही तर अजून वर नेलीत."

जमनाताईंनी इतका लांब श्वास सोडला की नाना हसले. "काय वं जमना, दिवसभर श्वास कोंडी धरेल व्हता का?"

मग बैठकीला रंग चढला. नानांना साके भलतीच आवडली. मोहाच्या दारूच्या मानाने हे शहाणं पेय, तोंड न भाजता पोटात ऊब देणारं, असा त्यांनी निकाल दिला. पेला रिकामा होताच त्यांनी सुरईला हात घातला, तर ओकादा घाबरून अर्धे उठलेच.

"नाना, स्वतःचा पेला स्वतः भरायचा नसतो," मोनाली म्हणाली.

"मंग कोन भरी?"

"समोरच्याने. आणि त्याचा तुम्ही."

"हाई बरं शे. म्हंजे एकट्याने पेवाचं कामच नही!"

सुकलालभाऊंचं मात्र अवघड झालं होतं. पानात टाकायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्यामुळे ते भक्तिभावाने पेला रिकामा करत, आणि रिकामा पेला दिसला की ओकादा तितक्याच भक्तिभावाने भरत. कान लाल झाले, बोलणं जड झालं, तरी दोघांपैकी कुणी माघार घेईना. शेवटी मोनालीच्या लक्षात आलं.

"पप्पा, पुरे झालं की पेला भरलेलाच ठेवायचा. रिकामा दिसला की ते भरणारच."

"हे आधी सांगायचं ना गं!" सुकलालभाऊ कळवळून म्हणाले, आणि जमनाताई तोंडाला पदर लावून हसू लागल्या. सकाळपासून पहिल्यांदा.

त्यांनी सुरई हातात घेतली, एक हात खाली धरून, सूर्याला अर्घ्य देतात तशी बारीक धार सोडत ओकादांचा पेला भरला. ओतायला माळेची आडकाठी नव्हती.

पानं वाढायची वेळ झाली. शेवभाजीचा रस्सा उकळत होता. जमनाताई उठता उठता थबकल्या. त्यांचा स्वतःचा पेला तसाच काठोकाठ भरलेला. टाकायचा कसा? कपाळाला लावलेलं मोरीत ओतायचं?

शिन्याने ते पाहिलं. तो आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत, एकेक शब्द शोधत म्हणाला, "आई, मोनालीने रोट सांगितलं मला. उरवायचं नाही. घरच्या माणसाने संपवायचं. मी... चालेल?"

जमनाताईंनी एकदा नानांकडे पाहिलं. नानांनी मान डोलावली. त्यांनी पेला उचलला आणि दोन्ही हातांनी जावयाच्या ओंजळीत ठेवला.

"घे बाळा," त्या म्हणाल्या. "आणि मग जेवायला बस. भरीत गार होतंय."