भिंतीच्या भेगेवरची पट्टी

मी एक जुनी, वीतभर लांबीची प्लास्टरची पट्टी आहे. मित्रांनो, हसू नका. एका अख्ख्या घराचा भरवसा माझ्यावर होता.

फ्रान्समधल्या ल्यों शहरात, चढावरच्या रेशीमवाल्यांच्या रस्त्यावर माझा जन्म झाला. तिथली पाच मजली घरं एकमेकांना खांदा लावून उभी. घरमालकिणीच्या पणजोबांच्या काळी छतं दोन पुरुष उंच बांधली, कारण आत रेशमाचे माग मावायला हवे होते. एका साली शेजारचं घर पाडलं आणि आमच्या घराचा आधारच गेला. जिन्यातल्या भिंतीला भेग पडली.

आंतेल्म गवंड्याने मला कालवलं, भेगेवर आडवं थापलं आणि खिळ्याने तारीख कोरली. घरमालकीण क्लोतिल्दबाईंना तो म्हणाला, "बाई, ही तुटली की घर सरकलं समजा. मग सगळ्यांनी लगेच बाहेर पडायचं."

"आणि माझा माग?"

चाळीस वर्षं त्या विणत होत्या. एवढा उंच माग दुसऱ्या कुठल्या घरात मावणार? घर सुटलं की हातातलं कामही सुटणार होतं. मला त्यांची फार दया यायची.

पाच महिने मी टिकले. येणारे-जाणारे माझं कौतुक करत. मग मार्चमध्ये, भर दुपारी, मी मधोमध तुटले. चीर केसाएवढीच. बाईंनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. वरच्या मजल्यावरून बोटभर प्लास्टर आणून त्यांनी ती बुजवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ओरडायला मला तेवढं एकच तोंड होतं.

नवव्या दिवशी आंतेल्म आला. जिन्यातल्या अंधुक उजेडात त्याने मला वरवर पाहिलं.

"चिवट आहे हो पोरगी! मग बाई, दुसऱ्या मजल्यावरची खोली माझ्या लेकीला, सोलांजला द्या की. बाळंतीण आहे, ओल्या खोलीत राहते बिचारी. उद्याच आणतो बाळासकट."

बाईंनी केसातला आकडा काढला आणि माझी चीर खरवडून उघडी केली.

"नको आणूस तिला. नऊ दिवस झाले, तुटलीय ही. मीच बुजवली."

"नऊ दिवस? अहो, तुम्ही वरच झोपत होतात ना?"

"माझं काय रे, म्हातारीचं."

"आणि बाकीची चार बिऱ्हाडं?"

बाई जिना चढत एकेक दार ठोठावू लागल्या.

संध्याकाळच्या आत घर रिकामं झालं. माग काही उतरवता आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंत कोसळली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. बाई समोरच्या पायरीवर बसून ढसाढसा रडल्या आणि सोलांज त्यांचा हात धरून बसली.

ढिगाऱ्यातून माझा अर्धा तुकडा आंतेल्मने उचलला. आता मी त्याच्या अवजारांच्या पेटीत धूळ खात पडले आहे. कुणी विचारत नाही. चालायचंच.

पण मित्रांनो, एवढं ऐका. माझ्यासारखी पट्टी तुटलेली दिसली तर तिला लिंपू नका, आधी शेजाऱ्यांना हाका मारा. घर धरून ठेवणं आम्हाला जमत नाही. आम्हाला फक्त वेळेवर तुटता येतं.